तिच्या नावाची खोली

क्रिमॅटोरियमच्या कार पार्कमध्ये एका गृहस्थानं माझा हात हातात घेतला. मला वाटलं, हा आता बायकोबद्दल काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "अहो, तुमचा मुलगा त्या युनिव्हर्सिटीच्या यादीत आहे म्हणे? नोटेबल अलम्नाय! काल मुलीनं फोनवर दाखवलं. मोठी गोष्ट आहे हां."

मी म्हटलं, "आत बायको जळतेय."

"हो हो, ते आहेच," तो म्हणाला.

आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका तर आणखी पुढच्या. एक म्हणाली, सवाष्ण गेली, हिरव्या साडीत गेली, नशीब काढलं. तिनं नशीब काढलं तर माझ्या वाटणीला काय आलं, हे कुणी सांगेना. सगळे सँडविच खाऊन घरी गेले.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण बोलायला समोर कोणी उरलं नाही म्हणून लिहितोय. ह्यात कुणाचं नाव घालणार नाही. माझं नाही, मुलाचं नाही, त्या युनिव्हर्सिटीचंही नाही. बायकोचं तर नाहीच, कारण भांडण तिच्या नावावरूनच झालं. एक शब्द मात्र लिहावा लागेल. तो एका पोरीला नाव म्हणून ठेवला होता. पण ते नाव नव्हतं.

आम्ही साताऱ्याकडचे. मी इकडे इंग्लंडात आलो आणि पावाच्या कारखान्यात भट्टीपुढे उभा राहिलो तो रिटायर होईपर्यंत तिथेच. बायको शाळेच्या किचनमध्ये डिनर लेडी होती. गोऱ्या पोरांच्या ताटात कुस्करलेला बटाटा वाढायची आणि घरी येऊन म्हणायची, "आवं, ह्यांच्या पोरांना चवच ठाव न्हाई. मीठबी न्हाई, मिरचीबी न्हाई. बिचारी गप खात्यात." आम्हाला मुलगा एकच. तो हुशार निघाला. आम्ही त्याला शिकवला असं लोक म्हणतात. आम्ही काय शिकवणार? आम्ही त्याच्या आड आलो नाही, इतकंच.

तो इथं शिकला आणि मग अमेरिकेत त्या जुन्या युनिव्हर्सिटीत गेला. जुनी म्हणजे पेशवाईच्याही आधीची, असं त्यानंच सांगितलं. पदवी मिळाली तेव्हा आम्ही दोघं गेलो होतो. लाल विटांच्या इमारती, झाडं, हिरवळीवर पांढऱ्या खुर्च्या. एका मोठ्या हॉलमध्ये त्यांच्या नावाजलेल्या विद्यार्थ्यांची तैलचित्रं लावलेली. कोणी न्यायाधीश, कोणी सेनापती, कोणी देशाचा कारभार केलेला, सगळे गालफडं बसलेले म्हातारे. बायको नऊवारीवर ओव्हरकोट आणि पायात ट्रेनर्स घालून एकेका चित्रापुढे थांबत होती. देवळात थांबावं तशी. शेवटी म्हणाली, "एक बी हसंना. ह्यांना कुनी जेवायला घालत न्हवतं का?"

मुलानं पुढे स्वतःची कंपनी काढली. कुठलं औषध कुणाला लागू पडेल ते कंप्युटरनं आधीच ओळखायचं, असलं काहीतरी आहे. मला पुष्कळदा समजावलं, मी पुष्कळदा हो म्हटलं. मग एक दिवस युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवरच्या त्या यादीत तो आला. बायकोनं लायब्ररीतल्या मुलीकडून पान छापून आणलं. इंग्रजीत स्वतःच्या पोराचं नाव तिला ओळखू येत होतं. त्याच्या वर एक सिनेटर, खाली एक सिनेमातला नट.

"नोटेबल म्हंजे वो काय?"

"नोंद घेण्यासारखे."

"आन् बाकीचे?"

"बाकीचे बिननोंदीचे."

"म्हंजे आपन," ती म्हणाली आणि खूप हसली. हसता हसता खोकला लागला. तो खोकला पुढे थांबलाच नाही, पण ते आता उगाळण्यात अर्थ नाही.

तेराव्याला मुलगा आणि सून इथं लंडनजवळ पिनरला आमच्या घरीच होते. सून तिकडची, गोरी. चांगली आहे, हे आधीच सांगतो. बायकोच्या पायांना सूज यायची तेव्हा जमिनीवर बसून तेल चोळून द्यायची. मराठी तिला येत नाही. मुलाला येतं तेही अर्धंमुर्धं, आई म्हणाली तेवढं; 'ते नाव' म्हणायचं तिथं अजून 'ती नाव' म्हणतो. त्यातला एक शब्द मात्र त्याला लहानपणापासून पक्का, तो म्हणजे 'नको'. वरण नको, कारलं नको, मंडळाच्या गणपतीला यायला नको.

त्या दिवशी गावाहून माझ्या मेव्हण्यानं व्हिडिओ कॉल लावला. बायकोचा धाकटा भाऊ. म्हातारा झालाय, पण रडतो लहान पोरासारखा. फोनसमोर ऊर बडवून घेत म्हणाला, "माझी नकुशा अक्का गेली रं! माझी नकुशा गेली!"

मुलानं विचारलं, "मामा, नकुशा कोण?"

"आरं, तुझी आय! जल्माचं नाव त्येच तिचं. लग्नात तुझ्या बापाच्या घरच्यांनी बदललं."

मी फोनपाशी जाऊन आवाज बारीक केला. उशीर झाला होता. मुलगा सुनेला सांगत होता आणि ती ते नाव तोंडात घोळवत होती. ना-कू-शा. ब्युटिफुल, म्हणाली.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. आमच्याकडे मुलीवर मुली झाल्या की शेवटच्या मुलीला हे नाव ठेवतात. नकुशा, म्हणजे नकोशी. नको असलेली. देवाला ऐकू जावं म्हणून ठेवायचं, की बाबा बास झाल्या, आता मुलगा दे. बायकोच्या आधी तिघी होत्या. चौथी ही. हिच्या पाठीवर तो रडणारा भाऊ झाला, म्हणून नाव फळलं असं सगळं घर म्हणायचं. तिला शाळेत त्याच नावानं हजेरी, विहिरीवर त्याच नावानं हाक. पोरं दप्तर ओढून म्हणायची, नको गं नको.

आमच्या लग्नात माझ्या आईनं ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवीन नाव लिहिलं. बाकीच्या नवऱ्या मुली नाव बदललं की रडतात. ही ताटाकडे टक लावून बसली आणि हळूच मला विचारलं, "हे आता कायमचं का?" मी म्हटलं कायमचं. चौथीपर्यंतच शिकलेली, पण ते नाव आठवड्यात गिरवून पक्कं केलं. साताऱ्याला भांड्यांच्या दुकानात नेलं तर प्रत्येक भांड्यावर मशीननं नाव घालून घेतलं. डबे, पातेली, झारा, उलथनं. दुकानदार वैतागला. "वैनी, चमच्यावर कुठं मावायचं?" ती म्हणाली, "बारीक काढा." ती भांडी इंग्लंडला आली, तिच्यासकट.

मुलगा झाला तेव्हा हॉस्पिटलात तिनं मला एकच गोष्ट मागितली. सोनं नाही, साडी नाही. म्हणाली, "ह्याला त्ये नाव कधी कळू द्यायचं न्हाई. आपली आय कुनालातरी नको हुती, ह्ये पोराच्या मनात यायला नको." मी शब्द दिला. माहेरच्यांनाही तिनं बजावलं होतं. पण मेव्हण्याला रडताना काय भान?

मुलगा अमेरिकेला परत गेला आणि थोड्या दिवसांनी त्याचा फोन आला. त्या युनिव्हर्सिटीच्या जुन्या लायब्ररीत एक वाचायची खोली नव्यानं बांधून काढायची होती, त्याचा खर्च तो देणार होता, आणि खोलीला आईचं नाव. दाराशी दगडात कोरून. बायको गेल्यापासून पहिल्यांदा माझ्या पोटात जरा ऊब आली. म्हटलं, त्या गालफडं बसलेल्यांच्या शेजारी आमची डिनर लेडी. बसू देत पोरांना वाचत तिच्या नावाखाली.

"आणि बाबा, आईची खरी नाव टाकतोय. द नकुशा रूम."

माझ्या हातातला चहाचा कप मी खाली ठेवला. "ते नको," म्हटलं.

"का?"

"जुनं नाव आहे. तिला आवडत नव्हतं."

"तिने असं कधी सांगितलं?"

काय सांगू? तिनं तुला सांगू नको म्हणून सांगितलं, हे सांगू? मी म्हटलं, "सासरचं नाव घाल. आयुष्यभर तेच लावलं तिनं." फोन व्हिडिओचा होता. मी उठून मांडणीवरचं पातेलं आणलं आणि कॅमेऱ्यापुढे धरलं. "हे बघ. स्वतः घालून घेतलंय. सगळ्या भांड्यांवर आहे."

"बाबा, पातेलं खाली ठेवा. काही दिसत नाही."

"नीट बघ. काठाखाली."

"दॅट इज द पॉइंट, बाबा. लग्नाच्या दिवशी तुम्ही लोकांनी तिच्याकडून तिची नाव घेतली. मग ती काय करणार? तुम्ही दिली तीच लिहिणार ना? शी हॅड नो चॉइस."

मी आयुष्यभर तोंडावर बोलणारा माणूस. फोरमनला बोललो, कौन्सिलच्या माणसाला बोललो, एकदा भटजींना बोललो. त्या दिवशी पातेलं हातात धरून गप्प बसलो. तो म्हणाला, सोमवारनंतर दगड कारागिराकडे जाणार.

मग मी मेव्हण्याला फोन लावला. म्हटलं, तू निदान भाच्याला सांग की तुला दुःखात काही आठवेना, अक्काचं नाव दुसरंच होतं. तो म्हणाला, "दाजी, कशाला? अमेरिकेत कुनाला कळतंय त्येचा अर्थ? लिवल्यावर झाक दिसंल."

"तुझ्या अक्काला कळत होता."

"अक्का कुठं हाय आता? आन् खरं सांगू का दाजी, रागावू नका. त्या नावाचा गुन हुता. त्या नावानंच मी जल्मलो."

मी फोन बंद केला. बोललो असतो तर शिवी गेली असती, आणि मग पुन्हा रडला असता.

रविवारी मी मुलाला व्हिडिओवर फोन केला. तिला दिलेला शब्द मोडायचा, का तो शब्द दगडात जाऊ द्यायचा, एवढंच माझ्या हातात होतं. पोराला कळलं तर एका माणसाला कळेल. दगडावर गेलं तर ते ती इमारत उभी आहे तोवर राहील, आणि उद्या एखादं मराठी पोर तिथं शिकायला जाईल, दारातून आत जाताना वाचेल आणि हसेल. आपल्या पोरांची काय कमी आहे तिकडे?

"तुला नको म्हणजे काय ते माहीत आहे ना?" मी विचारलं.

"ऑफकोर्स."

"त्यावरूनच ठेवलेलं नाव आहे ते. चौथी मुलगी झाली, नको होती. म्हणून नकुशा."

मागून सुनेनं काय झालं विचारलं. त्यानं तिच्याकडे न बघता एकच शब्द म्हटला, अनवाँटेड. मराठीत तो शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो, गावात तशा चार होत्या. इंग्रजीत ऐकला तेव्हा माझ्या अंगावर आला.

"आईनं मला का नाही सांगितलं?"

"तुझा आता चेहरा झालाय ना, तसा व्हायला नको म्हणून."

त्यानं फोन ठेवला. मी मनात बायकोला म्हटलं, झालं, तुझं गुपित गेलं, पण दगडाचं टळलं. मला तसं वाटलं. शिकलेल्या लोकांचं डोकं कसं चालतं, ह्याचा मला अंदाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोघं एकत्र बसून व्हिडिओवर बोलायला आले. मुलाचे डोळे सुजलेले. युनिव्हर्सिटीत देणग्यांचं बघणाऱ्या बाईशी त्यांचं बोलणं झालं होतं. ती बाई म्हणे ऐकून रडली. म्हणाली, ह्याहून पॉवरफुल नाव दुसरं असूच शकत नाही. आता नावाखाली अर्थही कोरायचा. त्यांच्या मासिकात लेख येईल, नको असलेल्या मुलीचा मुलगा आमच्या नोटेबल लोकांत कसा आला म्हणून.

"बाबा, आता तर ठेवलीच पाहिजे ती नाव. शरम आईची नाही. ज्यांनी ठेवली त्यांची आहे. लोकांना कळू दे."

बोलणं खोटं नव्हतं. शरम त्यांचीच. पण दगडावर सासऱ्याचं नाव थोडंच येणार होतं? तिचंच येणार होतं. मी म्हटलं, "कुणाची शरम ते ठरवायला ती इथं नाही. होती तेव्हा तिनं ठरवलं होतं."

"पण इट्स अ ट्रायम्फ, बाबा. त्यांना नको होती, आणि बघा..."

"आणि बघा काय? तू यादीत आलास म्हणून ती हवीशी झाली? तू बसचा ड्रायव्हर झाला असतास तर तिचं काय केलं असतंस?"

"दॅट्स नॉट फेअर."

"बरं. एवढं चांगलं आहे ना नाव? पॉवरफुल आहे ना? मग तुझ्या पोरीला ठेव. उद्यापासून शाळेत त्याच नावानं पाठव. जेवायला हाक मार. नकुशा, ये. नकुशा, शूज घाल."

माझी नात मागे जमिनीवर बसून रंगवत होती. तिचं इकडे लक्षही नव्हतं. सून मुलाकडे बघायला लागली. "व्हॉट डिड ही से?" तो सांगेना. मग मीच माझ्या कारखान्यातल्या इंग्रजीत सांगितलं, "यू गिव्ह दिस नेम टू युवर डॉटर. देन पुट ऑन वॉल."

ती खुर्चीवरून उठली आणि कॅमेऱ्यातून गेली. मुलगा म्हणाला, "बाबा, हे तुम्ही फार घाणेरडं बोललात." मी म्हटलं, हो. थोड्या वेळानं सून परत आली, पोरीला कडेवर घेऊन. पोर चांगलं मोठं आहे, कडेवर मावत नाही, पाय लोंबत होते. ती मुलाला म्हणाली, नो, ही इज राइट, वी कान्ट. मग मला म्हणाली, सॉरी बाबा.

मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मुलाकडे बघितलं आणि तसं वाटलं नाही.

"मग काय लिहू?" तो म्हणाला.

"सांगितलं ना. तिनं लावलं ते."

"ती आजीनं ठरवलेली. तुमच्या घराची नाव आहे ती. तिला घरात नको म्हणून एक दिली, आणि मग तुमच्या घरात आली म्हणून दुसरी दिली. तिची कुठली?"

"तिला दुसरं आवडलं होतं रे."

"कारण पहिली अशी होती म्हणून!"

मी म्हटलं, "तुला सगळंच कळतं. तू नोटेबल आहेस." हे म्हणायला नको होतं, पण म्हटलं. त्यानं फोन ठेवला.

मग बरेच दिवस फोन नाही. सून नातीचे फोटो पाठवायची, खाली फुलं आणि हात जोडलेले. मी सकाळी दोन माणसांचा चहा टाकायचो आणि दुसरा सिंकमध्ये ओतायचो. मंडळाच्या लोकांचा फोन आला की आमच्या अंकात मुलावर लिहा, आपला माणूस अमेरिकेत एवढा मोठा झाला. मी म्हटलं, त्याच्या आईला विचारा. त्यांना राग आला असावा. परत फोन केला नाही.

परवा मुलानं फोटो पाठवला. दगड चांगला आहे, करड्या रंगाचा, कडा गुळगुळीत केलेल्या. अक्षरं खोल कोरलेली. मी चष्मा लावून फोटो मोठा करून बघितला. त्यावर तो शब्द नाही. तिचं सासरचं नावही नाही. ह्यांच्याकडून भेट, एवढंच, आणि खाली मुलाचं पूर्ण नाव. आमच्यात बापाचं नाव मधे लावतात. कागदोपत्री त्याचं तसंच आहे, मग त्यांनी तसंच कोरलं. तेव्हा त्या नावाजलेल्या लोकांच्या लायब्ररीत, दाराशी, माझं नाव आहे. पावाच्या भट्टीवाल्याचं, अख्खं, एकही अक्षर न चुकता.

फोन वाजला. "बाबा, बघितलंत?"

"बघितलं."

"मला त्या दोन्हीतली एकही लिहायला झाली नाही. मी खूप ट्राय केलं. त्यांना डेट हवी होती, मग..."

तो रडत होता. मामासारखा मोठ्यानं नाही. त्याची आई रडायची तसा, श्वास आत ओढून.

"तुम्ही काहीतरी बोला ना, बाबा."

"अक्षर चांगलं काढलंय," मी म्हटलं.